स्पोर्ट्स कारचे टायर बदलण्यापूर्वी: तयारीची यादी

टायरच्या किमती विचारायला सुरुवात करण्यापूर्वी विजेरी घेऊन गाडीजवळ जावे आणि चारही टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, जे काही छापलेले आहे ते अक्षर न अक्षर उतरवून घ्यावे. छायाचित्रे काढली तरी चालतील, परंतु ती चारही टायरची असावीत. एक पाहिला म्हणजे उरलेले तीन तसेच असणार, असे गृहीत धरू नये. कंपनीचे नाव, टायरचे नाव आणि आकार सगळेच टिपून घेतात. राहून जाते ती त्यांच्या आसपास कुठेतरी असलेली, नखाएवढी लहान अशी मोटार उत्पादकाची खूण. गेल्या वेळी माझ्याकडून नेमकी तीच राहिली आणि जेमतेम वापरलेली टायरची जोडी उतरवावी लागली. म्हणून या यादीत तिला पहिले स्थान आहे आणि पुढेही तिचा उल्लेख पुन्हापुन्हा येईल, त्याचा कंटाळा करू नये.

ही खूण म्हणजे काय, ते नीट समजून घ्यावे. पोर्शने मान्य केलेल्या टायरवर ‘एन’ हे अक्षर आणि त्यापुढे एक आकडा असतो. एन-० ही त्या टायरची पहिली मान्य आवृत्ती, एन-१ आणि एन-२ या त्यानंतरच्या सुधारित आवृत्त्या. अलीकडच्या टायरवर एनए-० किंवा एनसी-० अशी दोन अक्षरेही आढळतात आणि त्यांतला फरकही तितकाच खरा असतो. बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ, आउडीसाठी एओ, मॅक्लारेनसाठी एमसी, तर लॅम्बोर्गिनीसाठी एल अशा खुणा असतात. हा केवळ शोभेचा शिक्का नव्हे. टायर बनवणारी आणि मोटार बनवणारी अशा दोन्ही कंपन्यांनी मिळून त्या विशिष्ट गाडीचे वजन, इंजिनाची जागा आणि सस्पेन्शन विचारात घेऊन टायरचा सांगाडा, साइडवॉलचा ताठपणा आणि रबराचे मिश्रण ठरवलेले असते. त्यामुळे नाव तेच, आकार तोच, नक्षीही तीच, आणि तरीही खूण वेगळी असलेले दोन टायर प्रत्यक्षात दोन निरनिराळे टायर असतात. पिरेलीचे ‘पी झीरो’ हे नाव १९८७ साली फेरारी एफ४० बरोबर आले आणि आजही चालू आहे. त्या एका नावाखाली आजवर किती पिढ्या आणि किती गाड्यांसाठीच्या आवृत्त्या निघाल्या, याचा विचार केला म्हणजे नाव आणि आकार एवढेच सांगून केलेली मागणी किती अपुरी असते, हे ध्यानात येईल.

मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत मागचे टायर आधी झिजतात आणि बहुतेक जण तेवढी जोडीच बदलतात. खुणेची चूक होते ती इथेच. पुढे एन-१ आणि मागे त्याच नावाचा, त्याच कंपनीचा, परंतु बिनखुणेचा टायर बसवला, तर सरळ रस्त्यावर काहीही जाणवत नाही. लांब, वेगवान वळण आले की स्टीअरिंग फिरवताच गाडीचे नाक आज्ञा पाळते, मागचा भाग मात्र क्षणभर उशिराने, साइडवॉल दबून झाल्यावर स्थिरावतो, आणि तोवर चालवणाऱ्याने हातातल्या स्टीअरिंगला दुसऱ्यांदा दुरुस्ती दिलेली असते. हवेचा दाब एक-दोन पौंड कमी-जास्त करून हा दोष जाईल असे वाटते, पण तो जात नाही. अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, पुन्हा करूनही जात नाही. वेगवेगळ्या आकड्यांच्या ‘एन’ आवृत्त्या एकाच गाडीवर मिसळू नयेत, अशी पोर्शची स्पष्ट सूचना आहे. म्हणून मागची जोडी मागवण्यापूर्वी पुढच्या टायरवर असलेल्या आवृत्तीचे मागचे टायर अजून बनतात का, हे आधी विचारावे. बनत नसतील, तर चारही टायर बदलण्याची तयारी ठेवावी. पैसे वाचवण्यासाठी मधला मार्ग शोधू नये, कारण तो मार्ग नाही.

आता आकाराकडे वळू. आकार गाडीच्या पुस्तिकेतून किंवा दाराच्या खांबावरील पट्टीवरून घ्यावा, सध्या बसवलेल्या टायरवरून नव्हे, कारण जुन्या मालकाने काय बसवले असेल याचा भरवसा नसतो. २४५/३५ झेडआर २० याचा अर्थ रुंदी २४५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ३५ टक्के, झेडआर म्हणजे अतिवेगासाठीचा रेडियल टायर आणि रिम २० इंचांचे. त्यापुढे ९१ वाय असे काही असते, आणि तेही तितकेच महत्त्वाचे आहे. ९१ हा भारांक; ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो भार, ९५ म्हणजे ६९० किलो. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर, डब्ल्यू म्हणजे २७०, व्ही म्हणजे २४०. भारांक आणि वाय हे दोन्ही कंसात छापलेले असतील, तर तो टायर ३०० च्याही पुढच्या वेगासाठी आहे. आपण एवढ्या वेगाने कधीच जाणार नाही, मग खालचे अक्षर का चालू नये, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर असे की हे अक्षर वेगाबरोबरच टायर किती उष्णता सहन करतो हेही सांगते आणि जड गाडी जोरात वळवताना किंवा वारंवार ब्रेक लावताना तीच सहनशक्ती कामी येते. भारांक आणि वेगाचे अक्षर यांपैकी काहीही पुस्तिकेत दिले आहे त्याखाली उतरवू नये.

पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या आकाराचे असतील, तर ते आलटून-पालटून लावता येत नाहीत, हे सांगायची गरज नाही. सांगायला हवे ते व्यासाबद्दल. पोर्शच्या ९९२ पिढीच्या ९११ कॅरेरा एस गाडीला पुढे २४५/३५-२० आणि मागे ३०५/३०-२१ असे टायर येतात; हिशेब केला तर पुढच्याचा व्यास सुमारे ६८० मिलिमीटर आणि मागच्याचा सुमारे ७१६ मिलिमीटर भरतो. हे गुणोत्तर मुद्दाम ठेवलेले आहे आणि एबीएस तसेच घसरण रोखणारी यंत्रणा तेच गुणोत्तर धरून चाकांच्या वेगाची तुलना करते. नक्षी ५ मिलिमीटर झिजली की व्यास १० मिलिमीटरने घटतो. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढचे टायर बरेच झिजलेले आणि मागचे कोरे असले, तर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा क्लच सरळ रस्त्यावरही चाक घसरत असल्यासारखा काम करत राहतो आणि तापतो. अशा गाडीत फक्त दोनच टायर बदलण्यापूर्वी उरलेल्या दोहोंची खोली मोजून गाडीच्या कंपनीने किती फरक चालवून घेतला आहे ते पाहावे. आणि त्या उरलेल्या दोहोंवरची खूणही पाहावी.

खोली मोजताना टायरच्या आतल्या कडेकडे विशेष लक्ष द्यावे. स्पोर्ट्स कारची चाके वरच्या बाजूने किंचित आत झुकलेली असतात, त्यामुळे टायरची आतली कड आधी संपते. उभ्याने बाहेरून पाहिले तर नक्षी चांगली ४-५ मिलिमीटर शिल्लक दिसते, आणि गाडी उचलून विजेरीचा झोत आत टाकला की त्याच टायरची आतली दोन बोटे रुंद पट्टी गोटा झालेली, तिच्या कडेला रबर संपून पोलादी तारांची टोके बाहेर आलेली असतात. तिथे उघड्या हाताने चाचपू नये. या तारा बोट फाडतात. प्रत्येक टायर आत, मध्ये आणि बाहेर असा तीन ठिकाणी मोजावा आणि त्यांतला सर्वांत लहान आकडाच खरा मानावा. झीज दर्शवणाऱ्या उंच पट्ट्या १.६ मिलिमीटरवर असतात, परंतु रुंद टायर साचलेल्या पाण्यावर त्याआधीच तरंगू लागतो. माझ्या मते ३ मिलिमीटरला बदलण्याचा निर्णय घ्यावा. आतली कड बाहेरच्यापेक्षा फारच वेगाने गेली असेल, तर नवे टायर चढवण्याआधी सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट (म्हणजे त्याचे रबरी आणि गोलाकार सांधे) तपासून घ्यावेत, नाहीतर नव्या टायरचीही तीच गत होईल.

कोणत्या प्रकारचा टायर घ्यावा, हे ठरवताना गाडी प्रत्यक्षात कुठे आणि कशी चालते याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. रोजच्या रस्त्यासाठी आणि क्वचित ट्रॅकसाठी मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस किंवा पिरेली पी झीरो या वर्गातला उन्हाळी टायर पुरेसा असतो. मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ किंवा पिरेली ट्रोफेओ आर यांसारखे टायर ट्रॅकवर तापले की अप्रतिम पकड देतात. परंतु त्यांची नक्षी उथळ असते, पावसात साचलेल्या पाण्यावर ते लवकर पकड सोडतात आणि थंड असताना ती पुरेशी देतच नाहीत. वर्षातले बहुतेक दिवस रस्त्यावरच चालणाऱ्या गाडीला असे टायर घालू नयेत, असे माझे ठाम मत आहे, मग विक्रेता काहीही म्हणो. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते, म्हणून थंड प्रदेशात हिवाळ्यासाठी वेगळा संच लागतोच. ट्रेडवेअरचा, म्हणजे नक्षी किती टिकेल हे सांगणारा, आकडा टायर बनवणारी कंपनी स्वतःच ठरवत असल्यामुळे तो एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करण्यापुरताच वापरावा. एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा २४० यांतून काहीही सिद्ध होत नाही. युरोपीय लेबल मिळाले तर त्यावरील ओल्या रस्त्याची श्रेणी अवश्य पाहावी. ती ए ते ई अशी असते आणि माझ्या दृष्टीने त्या लेबलवरची तीच सर्वांत उपयोगी बाब आहे.

गाडीला मुळात रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, टायर असतील, तर स्टेपनी नसण्याची शक्यता मोठी असते. साधे टायर घेतल्यास गाडी अधिक मऊ चालते, पण हवा पूर्ण गेल्यावर ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत सुमारे ८० किलोमीटर जाण्याची सोय हातची जाते. तेव्हा पंक्चर भरायचे द्रव आणि पंप आधी घ्यावेत, मगच साधे टायर.

मागणी नेहमी लेखी द्यावी आणि तीत टायरचे पूर्ण नाव, आकार, भारांक, वेगाचे अक्षर आणि खूण एवढे सगळे असावे. खूण फोनवर सांगून भागत नाही. फोनवर समोरचा माणूस ‘हो, त्याच गाडीचा टायर आहे’ असे मनापासून सांगतो, कारण त्याच्या पडद्यावर आकार जुळलेला दिसत असतो. खुणेचा रकाना त्याने उघडलेलाच नसतो. त्याच्याकडून टायरच्या साइडवॉलचे छायाचित्र मागवावे, त्यात खूण स्पष्ट दिसली पाहिजे, आणि ती दिसेपर्यंत पैसे देऊ नयेत. बिलावरही ती लिहून घ्यावी. पुढच्या वेळी एकच जोडी बदलायची झाली, तर हाच कागद उपयोगी पडतो.

टायर आले की रिमवर चढवण्याआधी ते जमिनीवर ओळीने ठेवून चारही पुन्हा वाचावेत. एकदा चढवलेला टायर विक्रेता बहुधा परत घेत नाही, म्हणून तपासण्याची ही शेवटची वेळ आहे. आधी खूण, मग आकार, मग तारीख. तारीख चार आकड्यांत असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. पूर्ण तारीख बहुतेक वेळा एकाच बाजूला छापलेली असते आणि टायर बसल्यावर ती आत जाऊ शकते, हे आणखी एक कारण. एका जोडीतले दोन टायर शक्यतो जवळच्या आठवड्यांतले असावेत आणि दोन वर्षांहून जुना माल नवा म्हणून घेऊ नये. एखाद्या टायरवरची खूण वेगळी निघाली, तर ‘काही फरक पडत नाही’ हे वाक्य ऐकून घ्यावे आणि टायर परत पाठवावा.

बसवताना ‘आउटसाइड’ असे छापलेली बाजू बाहेर आणि बाणाची दिशा पुढे आहे ना, एवढे पाहावे. व्हॉल्व्ह नवे घ्यावेत. दाबाच्या सेन्सरची बॅटरी जुनी असेल तर सेन्सरही आताच बदलावेत. बॅलन्सिंग आणि चारही चाकांचे अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे. नट टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे आवळावेत. पोर्शच्या ९९१ पिढीच्या ९११ च्या सेंटर लॉक, म्हणजे मध्यभागी एकच मोठा नट असलेल्या, चाकाला ६०० न्यूटन-मीटर लागतात आणि ते साध्या पान्याचे काम नव्हे. टायरचा प्रकार गाडीच्या पडद्यावर निवडावा लागत असेल, तर तो निवडावा. हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्याप्रमाणे न भरता दाराच्या खांबावरील पट्टीप्रमाणे भरावी. नव्या रबरावरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत, म्हणजे पहिले २००-३०० किलोमीटर, जोरात ब्रेक लावू नये आणि वळणे सावकाश घ्यावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना दाब पुन्हा मोजावा, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत.