तिसऱ्याने मतं खाल्ली का? हिशेब असा मांडा

नोव्हेंबर २०१६, अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक. मिशिगन राज्यात ट्रम्प हिलरी क्लिंटनपेक्षा १०,७०४ मतांनी पुढे राहिले आणि आमच्या घरी मुलीने मला जेवता जेवता आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. मी लिबर्टेरियन पक्षाच्या गॅरी जॉन्सनना मत दिलं होतं. दोन्ही मोठ्या उमेदवारांचा वीट आला होता, एवढंच कारण. "तुमच्यासारख्यांनीच हिलरीला पाडलं, बाबा." जन्मभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासलेला माणूस मी, आरोप आला की आधी वही काढतो. पुढची पद्धत त्याच वहीतली.

सुरुवातीलाच देशभराची टक्केवारी बाजूला ठेवा. १९९२ साली अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मतं पडली, म्हणजे एक कोटी ९७ लाख. इलेक्टोरल मतं, म्हणजे प्रत्येक राज्याच्या वाट्याची ती मतं ज्यांवर अध्यक्ष ठरतो, किती? शून्य. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली, तर राज्यात जो पहिला येतो तो त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं घेऊन जातो. म्हणून वहीचं एक पान, एक राज्य.

पानावर दोन आकडे लिहा: पहिल्या-दुसऱ्यातला फरक आणि तिसऱ्याची मतं. तिसऱ्याची मतं फरकापेक्षा कमी असतील तर पान उलटा, तिथे त्याने निकाल फिरवलेला नाही. बहुतेक पानं इथेच उलटली जातात.

जास्त असतील तर लगेच "बघा, पाडलं!" म्हणून ओरडू नका. सगळे घाई करतात ती इथेच. फरकाला तिसऱ्याच्या मतांनी भागा. मिशिगनमध्ये ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना ५१,४६३ मतं होती. १०,७०४ भागिले ५१,४६३, म्हणजे शंभरात साधारण २१. याचा अर्थ असा, की स्टाइन रिंगणात नसत्या तर त्यांच्या दर शंभर मतदारांमागे हिलरींना ट्रम्पपेक्षा निदान २१ मतं जास्त मिळायला हवी होती. या आकड्याला मी 'भार' म्हणतो. फ्लोरिडात २००० साली धाकटे बुश डेमोक्रॅट अल गोर यांच्याविरुद्ध ५३७ मतांनी जिंकले आणि ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडरना पडली होती ९७,४८८. तिथला भार हजारात सहासुद्धा भरत नाही. इतका हलका भार असेल तर नेडरचे निम्मे मतदार घरी बसले असते आणि उरलेल्यांचा कल गोरकडे अगदी थोडा असता, तरी निकाल फिरला असता. मिशिगनच्या २१ बद्दल इतक्या छातीठोकपणे बोलता येत नाही.

आता भार पेलला गेला असता का, हे बघायचं. तिसऱ्याचे मतदार कुठे गेले असते, यासाठी तीन रकाने लागतात, दोन मोठ्या उमेदवारांचे दोनच नाही. तिसरा रकाना 'कोणीच नाही'. पेरोंच्या मतदारांना एक्झिट पोलमध्ये विचारलं, ते नसते तर? ३८ टक्के थोरल्या बुशकडे, ३८ टक्के बिल क्लिंटनकडे, उरलेल्यांतले बहुतेक घरीच. पेरोंनी बुशना पाडलं ही गोष्ट अजून चवीने सांगितली जाते, पण या आकड्यांवर ती उभी राहत नाही.

एक्झिट पोल म्हणजे शेवटी लोकांचं तोंडी उत्तर. खरी मतपत्रिका बघायची तर मेनकडे जा. २०१८ मध्ये तिथल्या अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) दुसऱ्या मतदारसंघात पसंतीक्रमाने मतदान झालं, म्हणजे मतदार पहिली, दुसरी अशी पसंती लिहितो आणि त्याचा उमेदवार बाद झाला की मत पुढच्या पसंतीला जातं. पहिल्या फेरीत रिपब्लिकन ब्रूस पॉलिक्विन १,३४,१८४, डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन १,३२,०१३ आणि दोन अपक्ष मिळून २३,४२७. अपक्षांची मतं वाटल्यावर गोल्डन १,४२,४४० वर गेले, पॉलिक्विन १,३८,९३१ वर. वजाबाकी करा: १०,४२७ इकडे, ४,७४७ तिकडे आणि ८,२५३ कुठेच नाही. म्हणजे मतदान केंद्रापर्यंत आलेल्यांपैकीसुद्धा एक तृतीयांशाहून जास्त मतं दोन्ही मोठ्यांच्या हाती लागली नाहीत. अपक्ष नसते तर जे घरातून निघालेच नसते, ते यात धरलेलेच नाहीत. हे प्रमाण दुसऱ्या राज्याला जसंच्या तसं लावू नका. तिसरा रकाना किती मोठा असू शकतो, तेवढं यातून कळतं.

आणखी एक चूक मी स्वतः दोन वर्षं करत होतो. फक्त आपल्याला नको असलेला तिसरा पुसायचा, बाकीचे तसेच ठेवायचे. २००० मध्ये न्यू मेक्सिको गोरनी ३६६ मतांनी जिंकलं. तिथे रिफॉर्म पक्षाचे पॅट ब्युकॅनन यांची मतं त्याहून जास्त होती, आणि तीही मुख्यतः उजव्या, म्हणजे बुशच्या, बाजूची. नेडर पुसायचे असतील तर ब्युकॅननही पुसा. नाहीतर तो हिशेब नाही, वकिली आहे.

उमेदवाराच्या बाजूने बघायचं तर शेवटचा खेळ वजनाचा आहे. तुमचा नाराज मतदार तिसऱ्याकडे गेला तर तुमचं एक मत कमी होतं. घरी बसला तरी एकच. थेट विरोधकाकडे गेला तर मात्र दोनाचा फरक पडतो, कारण इथे एक घटलं आणि तिथे एक वाढलं. २०२४ मध्ये गाझावरून नाराज झालेल्या, मिशिगनमधल्या मोठ्या अरब वस्तीच्या डिअरबॉर्न शहरात ट्रम्प साधारण ४२ टक्के, डेमोक्रॅट कमला हॅरिस ३६, स्टाइन १८ अशी विभागणी झाली. चर्चा सगळी स्टाइनची. पण राज्यात फरक सुमारे ८० हजारांचा आणि स्टाइनची मतं त्याहून बरीच कमी, म्हणजे पान तिथेच उलटायचं. हॅरिसना जास्त बोचायला हवा होता तो गट वेगळाच: आधी डेमोक्रॅट असलेला आणि या वेळी सरळ ट्रम्पकडे गेलेला.

राहता राहिलं माझं मत. जॉन्सनना मिशिगनमध्ये १,७२,१३६ मतं होती, म्हणजे आमच्या गटाचा भार शंभरात जेमतेम सव्वासहा. मुलीला तेवढं पुरलं. "सहा तर सहजच निघतील!" निघतील किंवा नाही निघणार, कारण आमच्यातले बरेच मूळचे रिपब्लिकन. पण त्याच वर्षी मिशिगनमध्ये सुमारे ७५ हजार मतपत्रिकांवर अध्यक्षपदाचा रकाना कोरा होता. जॉन्सन नसते तर माझी मतपत्रिका त्या गठ्ठ्यात गेली असती. तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "ते तर आणखी वाईट." हिशेबात मात्र ते तेवढंच.