कास पठारावर ग्रुपनं टू-व्हीलर घेऊन जाताय? मग एवढं ठरवूनच निघा
पावसाळा लागला की साताऱ्यातनं कासला सात-आठ गाड्या एकदम निघतात, आणि यवतेश्वर घाट चालू झाला की सगळे एकमेकांच्या शेजारी शेजारी गप्पा मारत चालवतात, तेवढं नका करू राव. सरळ रस्त्यावर एक डावीकडनं, त्याच्या मागचा जरा उजवीकडनं असं तिरकं चालवा आणि पुढच्या गाडीपासनं निदान २ सेकंदांचं अंतर ठेवा, म्हणजे पुढचा ज्या खांबापाशी गेला तिथं तुम्ही २ सेकंदांनी पोचायला पाहिजे. पाऊस किंवा धुकं असलं की हेच अंतर दुप्पट, आणि वळणावर तिरकं बिरकं काही नाही, सगळे एकामागं एक.

नवीन पोराला सगळ्यात मागं टाकू नका. मागं राहिला की गाठायच्या नादात तो वळणावर जोरात घेतो, मला सगळ्यात जास्त भीती ह्याचीच वाटते. त्याला सगळ्यात पुढच्याच्या लगेच मागं ठेवा आणि शेवटी अनुभवी माणूस.

फाटा आला की मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं, मग कोण चुकत नाही. एसटीला ओव्हरटेक ज्यानं त्यानं स्वतः रस्ता बघून करायचा, पुढचा गेला म्हणून आपण पण घुसायचं नाही. हेल्मेट मागं बसणाऱ्यालाही पाहिजेच. आणि फोटोला थांबायचं असलं तर गाड्या पूर्ण रस्त्याच्या खाली घ्या, वळणावर तर अजिबात थांबू नका, धुक्यात मागनं येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही.