यूझर मॉडेलिंग शिकताय? हिस्ट्री फाइल जपून वाचा

यूझर मॉडेलिंग म्हणजे वापरकर्त्याला काय येतं, काय नाही याचा प्रणालीने बांधायचा अंदाज. कमांड लाइनवर, म्हणजे जिथे संगणकाला आज्ञा टाइप करून देतात तिथे, मदत करणारी प्रणाली बांधायला घेतली की पहिला मोह ठरलेला: हिस्ट्री फाइल (टाइप केलेल्या कमांडची नोंद) घ्या, कमांड मोजा आणि माणसाला काय येतं ते ठरवून टाका. मी यात फार काळ अडकलो होतो, म्हणून हे सविस्तर सांगतो.

हिस्ट्रीत कमांड दिसली म्हणजे ती कळली असं नाही. फाइल शोधणाऱ्या ‘फाइंड’ची लांबलचक ओळ कुठून तरी उचलून चिकटवलेली असते, त्यातला एक पर्याय बदलायची वेळ आली की माणूस अडतो. उलट, मजकुरातून हवं ते वेचणारं ‘ऑक’ रोज वापरणाऱ्याच्या हिस्ट्रीत ‘ऑक’ सापडतच नाही, कारण ते त्याच्या स्क्रिप्टमध्ये असतं आणि नोंद होते फक्त स्क्रिप्टच्या नावाची. एलियसचं, म्हणजे लांब कमांडला दिलेल्या छोट्या नावाचंही तेच. म्हणून नुसती वारंवारता बघू नका. चूक झाल्यावर वापरकर्ता काय करतो ते बघा: ओळ स्वतः दुरुस्त करतो का, तीच कमांड वेगळ्या कामाला वेगळे पर्याय लावून चालवतो का? सॉल ग्रीनबर्ग यांनी १९८८ मध्ये दिलेल्या १६८ युनिक्स वापरकर्त्यांच्या नोंदींत एलियस, हिस्ट्रीचा वापर आणि चुका वेगळ्या टिपल्या आहेत. सराव तिथेच करा.

पुढची कमांड ओळखणारं मॉडेल म्हणजे यूझर मॉडेल नव्हे. सवय ओळखली म्हणजे समज ओळखली असं होत नाही. पहिल्याच भेटीत अचूकतेची टक्केवारी मागणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा, चार वापरकर्त्यांशेजारी बसवणारा शोधा. तयार लायब्ररी नंतरही शिकता येते.

गणिताला घाबरू नका. बर्कलीच्या ‘युनिक्स कन्सल्टंट’ या युनिक्सविषयी मदत करणाऱ्या प्रणालीत डेव्हिड चिन यांनी केलेलं ‘नोम’ हे यूझर मॉडेल आधी समजून घ्या. वापरकर्त्यांच्या चार पातळ्या, कमांडच्याही अवघडपणानुसार पातळ्या. दोन्ही जोडून अंदाज बांधायचा आणि ठोस पुरावा मिळाला की त्या माणसापुरता तो मोडायचा. एवढं हाताने कागदावर मांडता आलं, की पुढचं बेझियन काम, म्हणजे पुराव्यानुसार शक्यता बदलत नेण्याचं गणित, झेपतं. सुरुवातीला सगळंच धूसर वाटेल. वाटू द्या, ते साहजिक आहे.

मात्र अंदाज चुकल्याची किंमत सगळीकडे सारखी धरू नका. तज्ज्ञाला फाइलींची यादी दाखवणारं ‘एलएस’ समजावलं तर त्याचे काही क्षण जातात. नवख्याला फाइल पुसणारं ‘आरएम’ येतं असं धरून गप्प बसलात, तर त्याच्या फाइल जातात. तिथे खात्री नसेल तर प्रणालीने आधी विचारलंच पाहिजे.