बँडसॉच्या पट्टीला धार लावायचं यंत्र घेताना-बनवताना या चुका टाळा

खानापूर-नंदगडकडचं कुणी ना कुणी बँडसॉची, म्हणजे ओंडके कापायच्या करवतीची तुटलेली पट्टी खांद्याला अडकवून माझ्याकडे येतं आणि म्हणतं, "अण्णा, पट्टीच बोगस निघाली की ओ." मी आधी दोन दातांमधली घळ बघतो. बहुतेक वेळा टोकं चकचकीत आणि घळ काळी ती काळीच.

ही चूक मीही करून बसलोय. सुरुवातीला हँडग्राइंडर घेऊन दाताच्या पुढच्या अंगाला नुसतं चाक टेकवायचो. दीड इंची पट्टी अर्ध्या तासात तयार, मी खूश. तिसऱ्या धारेनंतर फणसाचा ओंडका चढवला आणि निम्म्यात फाडकन बार उडाल्यासारखा आवाज आला. पट्टी कव्हरच्या आत गोळा होऊन पडली. कव्हर लावलेलं होतं म्हणून मी हे लिहितोय. तुकडा उजेडात धरला, तर चीर थेट घळीच्या तळातून निघालेली. पट्टी बँडसॉच्या चाकावर वाकते, सुटली की सरळ होते, दिवसभर हेच. त्यानं तळाला केसाएवढ्या चिरा पडतात. दर धारेला तळही थोडा घासला, तर त्या निघून जातात. नाही घासला, तर आत आत जातात.

म्हणून यंत्र घेताना मोटर किती एचपीची हे नंतर विचारा. धारेचं चाक दाताच्या तोंडावरून घळीत उतरून मागच्या पाठीवर एका दमात चढतं का, ते आधी बघा. सीबीएनचं (बोरॉन नायट्राइडच्या अतिकठीण कणांचं) चाक दाताच्या आकाराचंच येतं, ड्रेसिंग, म्हणजे घासून परत आकार देणं लागत नाही. पण दातांत 22 मिमी अंतर असलेल्या पट्टीचं चाक 25 मिमीच्या पट्टीला लावून काटकसर करू नका. साधं दगडी चाक स्वस्त, मात्र त्याचा आकार सारखा राखावा लागतो. कंटाळा केलात, तर घळीत कोपरा पडतो आणि पट्टी तिथूनच जाते.

आता घरी बनवणारे. बेळगावच्या उद्यमबागेत काय वाट्टेल ते बनवून मिळतं, आणि तरी आपला माणूस नेमका चाकाचं डोकं खालीवर होतं त्या पिनवर पैसे वाचवतो. नट-बोल्ट घालून मोकळा! डोकं अर्धा मिलिमीटर डुललं, की एक दात खोल, दुसरा उथळ. मी तिथं दोन बेअरिंगच घालतो. एका पोरानं तर पट्टी ढकलणारं बोट चार दात मागं लावलेलं. मागच्या दाताच्या अंतरात असलेली चूक पुढच्या दाताला लागायची, ती पुढं त्याच्या पुढच्याला. वर मलाच विचारतो, "अण्णा, फळीवर लाटा का येतात?" ज्या दातावर चाक उतरणार, बोट त्याच दाताला लागलं पाहिजे.

दात निळा पडला, तर पोलादाचं पाणी (कडकपणा) गेलं म्हणून समजा, धार तासभरही टिकत नाही. एका फेरीत सगळं उरकायची घाई त्याला कारण. मी दोन हलक्या फेऱ्या मारतो, वरून तेलाची धार सोडून. वेळ लागतो, लागू दे.

आधी सेट, म्हणजे दात आळीपाळीनं डावीकडे-उजवीकडे वाकवणं, मग धार. उलटं करू नका.

फणसाचा चीक, सागाचा तेलकट थर डिझेलनं पुसल्याशिवाय पट्टी यंत्रावर चढवू नका, चाक बुजतं. दाताच्या तोंडाचा कोन मी 10 अंश ठेवतो, ऐनाच्या वाळलेल्या टणक लाकडाला 7. संध्याकाळी पट्टीचा ताण सैल करा. गॉगल घाला.

आणि बांधावरचं झाड आलं, तर आधी साल काढून बघा. कुंपणाच्या तारेचे खिळे तर असतातच, पण गावाबाहेरच्या झाडात भुतासाठी ठोकलेलेही सापडतात. एक खिळा लागला, की सगळी टोकं परत आणायला माझ्या यंत्रावर पाच-सहा फेऱ्या जातात, आणि तेवढी पट्टीची रुंदीही.