कवी आणि चित्रकार मिळून हातानं बनवलेलं पुस्तक करताय? या चुका टाळा

‘कविता झाल्या, चित्रं झाली, आता बाइंडरकडे टाकू’ असं ठरलं की समजावं, गाडी घसरणार. कवीनं वहीत लिहिलेलं असतं, चित्रकारानं सुट्या कागदांवर रंगवलेलं असतं, आणि ही पानं उघडतील कशी याचा विचार कोणीच केलेला नसतो. पहिल्याच भेटीत रद्दीतले ४ कागद घ्या, मधोमध दुमडा, एकात एक घाला आणि पानांवर आकडे टाका. हा १६ पानांचा फर्मा. आता कागद वेगळे करून बघा. पान १ आणि १६ एकाच कागदावर आहेत, २ च्या जोडीला १५ आहे. समोरासमोरची दोन पानं अखंड कागदावर मिळतात ती फक्त मधली, ८ आणि ९. चित्रकारानं ४-५ वर आडवी नदी रंगवली तर तिचे दोन तुकडे दोन वेगळ्या कागदांवर पडतात आणि शिवणीत काठ जुळत नाहीत. या डमीवर, म्हणजे कच्च्या नमुन्यावर, हे दिसलं तर कवितांचा क्रम बदलून नदी ८-९ वर आणता येते. रंगवून झाल्यावर फक्त भांडता येतं.

कागद जाड असेल तर एका फर्म्यात दोन-तीनच कागद घाला. नाहीतर आतली पानं बाहेर डोकावतात, आणि ती कापून सारखी करताना चित्राची कडही जाते.

दुसरी चूक जास्त खोल आहे. कवितेत पाऊस आला की चित्रात पाऊस, खिडकी आली की खिडकी. मग चित्र म्हणजे कवितेची पोचपावती होते. समजा, कविता गिरणीच्या संपावर आहे. चिमणी आणि मोर्चा तर वाचकाच्या डोळ्यांपुढे आधीच आहेत. त्याऐवजी कवितेत कुठेही नसलेलं रेशनकार्ड काढा, काही चौकोनांत शिक्के पडलेले आणि पुढचे कोरे. कवीनंही मग मन मोठं करावं. चित्र जे सांगतंय ती ओळ खोडता येते का, ते बघावं. माझ्या मते खरी भागीदारी या खोडण्यातच दिसते, पण बहुतेक कवींना नेमकं हेच जड जातं.

१९१३ साली पॅरिसमध्ये कवी ब्लेझ सांद्रार आणि चित्रकार सोनिया दलोने यांनी ट्रान्स-सैबेरियन रेल्वेप्रवासावरच्या दीर्घ कवितेचं पुस्तक केलं. चार कागद चिकटवून साधारण २ मीटर लांबीची घडीची पट्टी, डावीकडे वरपासून खालपर्यंत रंग, उजवीकडे वेगवेगळ्या टाइपांत कविता. दलोनेंचे रंग अक्षरांच्या मोकळ्या जागांतही शिरले आहेत, त्यामुळे ‘हे चित्र कुठल्या ओळीचं?’ हा प्रश्नच पडत नाही. बेत होता १५० प्रतींचा, म्हणजे सगळ्या उलगडून एकापुढे एक लावल्या तर आयफेल टॉवरची उंची भरली असती. तेवढ्या प्रती काही पूर्ण झाल्या नाहीत. स्टेन्सिल ठेवून एकेक प्रत हातानं रंगवणं म्हणजे काय, हे आकडा ठरवताना लक्षात ठेवा. आधी एक प्रत पूर्ण करा, लागलेला वेळ लिहून ठेवा, मगच प्रती किती ते बोला.

हातकागद ‘छान दिसतो’ म्हणून गठ्ठाभर आणू नका. एक ताव आणून त्यावर तुमचीच शाई आणि तुमचाच रंग लावून बघा. खळ न दिलेल्या कागदावर शाई फुटते आणि वेलांट्यांचे डाग होतात. ॲक्रिलिक रंग वाळल्यासारखा वाटतो, पण समोरासमोरची रंगीत पानं वजनाखाली दमट हवेत चिकटतात आणि उघडताना रंग सोलून येतो. मध्ये बटर पेपर घाला. बांधणी शक्यतो पावसाळ्यात काढूच नका, पुठ्ठ्याची खळ वाळत नाही आणि बुरशी धरते.

अक्षरांसाठी चित्रकार बहुधा एक पांढरा चौकोन सोडतो. पण देवनागरी शिरोरेषेला लटकते. वर मात्रा-रफार, खाली उकार, त्यामुळे इंग्रजीच्या मापानं सोडलेल्या ओळी एकमेकींत अडकतात. अक्षरं काढणाऱ्यानं सर्वांत लांब ओळ खऱ्या आकारात लिहून द्यावी आणि जागा त्यावरून ठरवावी. लिनोवर, म्हणजे कोरून ठसा करायच्या मऊ तक्त्यावर, अक्षरं कोरायची असतील तर ती उलटी कोरावी लागतात, म्हणून बटर पेपरवर लिहून तो पालथा घाला आणि मग छापा उतरवा. पानांवर अक्षरं काढायला सुरुवात झाली की कवीनं शब्द बदलायचे नाहीत, ही तारीख आधीच ठरवा. कवी ऐकणार नाही, पण तारीख असू द्या.

पैशांचं बोलणं मैत्रीत राहून जातं. मूळ चित्रं कोणाकडे राहणार, कविता पुढे दुसऱ्या संग्रहात घेता येतील का, चित्रांची कार्डं छापली तर कवीला काय, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. हक्क एकमेकांना देणार असाल तर मुदतही लिहा. ती लिहिली नाही तर भारतीय कायद्यानुसार ५ वर्षं धरली जाते. आणि प्रतीवर ३/२५, म्हणजे पंचवीसपैकी तिसरी, असा आकडा घातला की सव्विसावी काढायची नाही. स्वतःसाठी दोन ठेवायच्या असतील तर त्या वेगळ्या खुणेनं सुरुवातीलाच नोंदवा.