घागर घासण्याआधी : गावच्या संग्रहातील भांड्यांबाबत या चुका टाळा

गावचे वाचनालय किंवा शाळा जुन्या वस्तूंचा संग्रह उभारते, तेव्हा घागर, कळशी, फिरकीचा तांब्या, अडकित्ता, पायलीचे माप अशा वस्तू देणगीदाखल येतात आणि उद्घाटनाला चमकाव्यात म्हणून चिंच-मिठाने घासल्या जातात. सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. आम्ल काळपट थराबरोबर धातूचाही पातळ थर काढून नेते, पितळेतील जस्त निघून गेल्यास तांबूस डाग उमटतात आणि मिठातील क्लोराइड सांध्यांत दडून राहते. त्याहून वाईट म्हणजे पुरावा पुसला जातो. बुडाची काजळी भांडे चुलीवर चढत असे हे सांगते, तर आतील कल्हईचे पांढुरके अवशेष त्यात स्वयंपाक होत असल्याचे सुचवतात, कारण केवळ पाण्याच्या घागरीला सहसा कल्हई लावत नसत. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकणे एवढीच सफाई पुरेशी आहे. भांडे आधीच घासले गेले असेल, तर ते स्वच्छ पाण्याने खळखळून धुऊन पूर्ण वाळवावे आणि तशी नोंद करावी. हौसेने नवी कल्हई मात्र करू नये.

तांबे-पितळेच्या भांड्यांवरील प्रत्येक हिरवा डाग घातक नसतो. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर बहुधा स्थिर असतो. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, झटकल्यावर ती पुन्हा येत असेल, तर क्लोराइडमुळे धातू आतून खाल्ला जात आहे असे समजावे. खाऱ्या हवेच्या कोकणपट्टीत याकडे विशेष लक्ष हवे. असे भांडे वेगळे काढून सिलिका जेलसह (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांसह) हवाबंद डब्यात, शक्यतो 40 टक्क्यांहून कमी आर्द्रतेत ठेवावे आणि जतनतज्ज्ञाला दाखवावे.

दुसरी चूक पाटीवर होते. वस्तू जुनी दिसली की ती ‘शिवकालीन’ ठरते. हा मोह इतका सार्वत्रिक आहे की एखाद्या दिवशी जर्मनचे (अ‍ॅल्युमिनियमचे) पातेलेही शिवकालीन ठरेल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे आणि अडकित्ते पाहिले, की घरगुती वस्तूला मोठेपणासाठी राजाचे नाव लागत नाही, हे पटते. भांड्यावर घातलेले नाव कारागिराचे समजू नये. ते बहुधा मालकाचे किंवा आहेर देणाऱ्याचे असते, कारण गावजेवणात भांडी एकत्र आली की ती ओळखता यावी लागत. साल आढळल्यास ते शकाचे आहे का, हे आधी पाहावे : शके 1832 म्हणजे इसवी सन 1910-11. तेवढ्यावरूनही भांडे त्याच वर्षी घडले असे म्हणता येत नाही, कारण जुन्या भांड्यावर नंतरही नाव घातले जाई. घडणीकडे पाहणे अधिक उपयोगाचे. पुण्याच्या तांबट आळीत आजही होणाऱ्या मठारकामासारख्या हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा, दातेरी सांधा, किंवा यंत्रावर फिरवल्याची समकेंद्री वर्तुळे यांतून हातकाम आणि यंत्रकाम वेगळे काढता येते, मात्र नेमके साल त्यातून मिळत नाही.

नोंदवहीत ‘धातूचे भांडे, 1 नग’ असे लिहिणे म्हणजे वस्तू मिळवून माहिती गमावणे होय. देणाऱ्याच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा लिहावा : एकाची कळशी गोव्यात कळसो होते आणि तेथील पाणी तापवण्याचे भाण दुसऱ्या गावी त्या नावाने कोणी ओळखणारही नाही. मापांबाबत हे अधिकच खरे आहे. 1956 च्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धत आली आणि पायली म्हणजे 4 शेर, अधोली म्हणजे 2 शेर हे हिशेब आता वयस्कर माणसांच्याच स्मरणात उरले आहेत. भांडे कोठे ठेवत, कोण वापरत असे, कधी बंद झाले, हे त्याच बैठकीत विचारावे.

नोंद क्रमांकासाठी चिकटपट्टी वापरू नये, कारण तिचा गोंद धातूवर डाग पाडतो. अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळेचा छोटा पट्टा बुडाजवळ द्यावा, तो वाळल्यावर त्यावर क्रमांक लिहावा आणि वरून पुन्हा तोच थर द्यावा. गरज पडल्यास तो काढता येतो. उचलताना मात्र कडी किंवा कान धरू नये, दोन्ही हातांनी बुडाला आधार द्यावा.