गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके: आधी झाडू, मग पंप

ऑगस्टमध्ये नाशिकच्या कुठल्याही कॉलनीत फेरी मारा. कंपाउंडलगतचे गुलाब खालून उघडे पडलेले दिसतील. शेंड्याला चार हिरवी पानं, एखादं फूल आणि खाली नुसत्या काड्या. मुघलांच्या काळात या शहराला गुलशनाबाद म्हणत, यावर तेव्हा विश्वास बसत नाही. मग आपण कृषी सेवा केंद्रात जातो, ‘गुलाबाचं औषध द्या’ म्हणतो, पुडी आणून फवारतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. कारण रोग जेवढा झाडावर असतो, तेवढाच झाडाखाली गळून पडलेल्या पानांत असतो. तिकडे कोणी बघत नाही.

आधी रोग ओळखा

पानाच्या वरच्या बाजूला काळे, साधारण गोल डाग, कडा झालरीसारख्या फाटलेल्या, भोवतीचं पान पिवळं आणि बोट लागताच गळणारं: हा काळ्या ठिपक्यांचा रोग. सुरुवात बहुतेकदा खालच्या पानांपासून होते.

कोवळ्या शेंड्यांवर, कळीच्या देठावर कुणी पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं, पानं वळली, कळ्या धड उमलेनात, तर ती भुरी. निफाड-दिंडोरीकडे कुणी द्राक्षवाले नातेवाईक असतील तर त्यांना विचारा, हा शब्द त्यांच्या तोंडी रोज असतो. द्राक्षाची भुरी आणि गुलाबाची भुरी या बुरशा वेगळ्या, वागणं मात्र सारखंच.

उन्हाळ्यात पानं धुरकट-पिवळी पडली आणि मागच्या बाजूला बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी. ती बुरशी नव्हेच, रस शोषणारी बारीक कीड आहे. त्यावर बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे मातीत. पानाची मागची बाजू पाण्यानं जोरात धुवा, सकाळच्या वेळी.

पान किती वेळ ओलं राहतं, त्यावर सगळं आहे

काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचं बीज पानावर पडलं तरी लगेच रुजत नाही. पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं, आणि हवा १८ ते २६ अंशांच्या आसपास असली की तिचं फावतं. श्रावणातली झड म्हणजे तिला आयतं आमंत्रण. तिथे आपला इलाज नाही. पण पाऊस नसलेल्या दिवशी आपणच तिची सोय करतो, त्याला इलाज आहे. मी स्वतः कित्येक वर्षं संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पाइपनं झाडांना ‘आंघोळ’ घालायचो. पानं रात्रभर ओली. वर जमिनीवर आपटलेलं पाणी मातीवरची बुरशी खालच्या पानांवर उडवायचं, ते वेगळंच.

म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशी. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका, दोन झाडांमधून वारा खेळला पाहिजे. निदान सहा तास ऊन हवं, आणि सकाळचं ऊन सर्वांत मोलाचं, कारण ते दव लवकर वाळवतं. बुंध्याभोवती वाळक्या गवताचा किंवा नारळाच्या काथ्याचा दोन इंच थर दिला की मातीचे शिंतोडे थांबतात. मात्र थर खोडाला टेकू देऊ नका.

झाडू

डाग पडलेली पानं कोरड्या हवेत हातानं खुडा. झाडाची निम्मी पानं जाणार असतील तर सगळी एकदम काढू नका. आधी पिवळी काढा, बाकीची आठवड्यानं. मग खाली पडलेलं एकेक पान वेचा, कुंडीच्या मागचंसुद्धा. ही पानं घरच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकू नका, तिथे बुरशी मरण्याइतकी उष्णता होत नाही. पिशवीत बांधून घंटागाडीत द्या. कात्री स्पिरिटनं पुसून घ्या.

हे काम पावसाळाभर दर आठवड्याला, दहा मिनिटांचं. निम्म्याहून जास्त फरक इथेच पडतो, असा माझा अनुभव आहे.

मग पंप

पडलेला डाग कुठल्याही औषधानं पुसला जात नाही. फवारणी असते ती निरोगी पानं वाचवण्यासाठी.

पावसाळ्यात मॅन्कोझेब ७५ टक्के पावडर, एका लिटरला २ ते २.५ ग्रॅम, सोबत डबीवरच्या मात्रेत स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव). उघडीप पाहून सकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंना. दर ७ ते १० दिवसांनी, आणि जोराचा पाऊस येऊन गेला तर पुन्हा. तरीही आवरलं नाही तर एखादी फवारणी हेक्झाकोनॅझोल ५ टक्क्यांची, लिटरला १ मिली. असं तेच तेच आंतरप्रवाही (पानाच्या आत शिरणारं) औषध वारंवार मारू नका, बुरशी सरावते.

ताम्रयुक्त औषधं ढगाळ, गार हवेत टाळा. पानावर वाळायला वेळ लागला की गुलाबाला जांभळट डाग पडतात, आणि आपण ते नव्या रोगाचे समजून आणखी फवारतो.

हातमोजे, तोंडाला रुमाल, वाऱ्याकडे तोंड करून फवारायचं नाही. डबीवरचा त्रिकोण पाहा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. ज्या गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलकंद करता, त्या झाडाला यातलं काहीच नको. त्याच्यासाठी झाडूच.

ऑक्टोबरची छाटणी

पाऊस ओसरला की द्राक्षबागांत छाटणीची घाई सुरू होते, तेव्हाच गुलाबाचीही करा. काळपट डाग असलेल्या, वाळक्या, आत वळलेल्या फांद्या काढा, कारण बुरशी काडीवरही मुक्काम करते. काप डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या कोंबाच्या) थोडा वर, तिरका.

कापलेल्या तोंडांना बोर्डो पेस्ट लावा, म्हणजे फांदी वरून मरत येत नाही. १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० मिली पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५० मिली पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत (लोखंड नको), मग एकत्र ढवळायचं. त्यात स्वच्छ खिळा बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. पेस्ट त्याच दिवशी वापरा. हे मिश्रण मुळात द्राक्षाचंच: फ्रान्सच्या बोर्डो भागात चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्या वेली केवडा या रोगापासून वाचल्याचं मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यानं ते जगापुढे मांडलं.

थंडीतली भुरी

रात्री गार आणि दिवस कोरडे झाले की भुरी येते. तिला पान ओलं लागत नाही, त्यामुळे ‘पाऊस तर गेला’ म्हणून निर्धास्त राहू नका. पाण्यात विरघळणारं गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर गंधक मारू नका, पानं करपतात. निंबोळी तेल फवारलं असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. सौम्य उपाय हवा असेल तर १ भाग दूध, ९ भाग पाणी, भर उजेडात. भुरीवर सुरुवातीला याचा उपयोग होतो, काळ्या ठिपक्यांवर त्याच्या भरवशावर राहू नका.

छाटणीनंतर फुटणारी पहिली पानं बहुतेक जातींत तांबूस-किरमिजी असतात. ती लाली कोवळेपणाची आहे. पंप खाली ठेवा.